तरुण मन आणि चारचौघांची वाट

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की सारा गाव बांधीत उतरतो. अशा दिवसांत एखादा धडधाकट मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर लोक काय म्हणतात? कोणी म्हणतं, आळशी झाला. कोणी म्हणतं, शिकून बिघडला. कोणी म्हणतं, बाहेरचं काही लागलं. पोरगा आजारी असेल आणि त्या आजारावर उपाय असेल, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

या आजाराला नैराश्य म्हणतात. दुःख कोणाला चुकलं आहे? परीक्षेत नापास झालेला मुलगा चार दिवस रडतो आणि पुन्हा खेळायला जातो. पण दोन आठवडे उलटले तरी मन उदास, कशात गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, ‘मी कुचकामाचा’ हाच विचार, असं असेल तर ते साधं दुःख नव्हे.

मग मुलगा सांगत का नाही? याचं एक उत्तर माकडांकडून मिळतं. दक्षिण आफ्रिकेत शास्त्रज्ञांनी रानातल्या वर्व्हेट माकडांपुढे गुलाबी आणि निळा असा रंगवलेला मका ठेवला. काही टोळ्यांत गुलाबी कडू केला, काहींत निळा. माकडं कडू रंग टाळू लागली. पुढे दोन्ही रंगांतला कडूपणा काढून टाकला, तरी सवय राहिली. कडू मका कधीच न चाखलेली पिल्लंही आईच्याच रंगाचा मका खात. दुसऱ्या टोळीत गेलेले बहुतेक नर आपली जुनी आवड सोडून तिथल्या रंगाकडे वळले. वेगळा राहिला तो एकच, आणि तो नव्या टोळीत म्होरक्या झालेला होता. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं.

माणूस म्हणजे माकड नव्हे. पण चारचौघांसारखं वागण्याची ओढ आपल्यातही आहे. ज्या गावात मनाचं दुखणं कोणी बोलत नाही, तिथे मुलगाही ते गिळतो.

आता उपायाकडे येऊ. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्याच्या प्रौढ रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. त्यातलं मुख्य सूत्र साधं होतं : मन उभारी घेईल मग काम करू, अशी वाट पाहायची नाही. आधी लहानसं काम करायचं, मन मागून येतं. सकाळी अंघोळ, तळ्यापर्यंत फेरी, एका मित्राची भेट, एवढ्यापासून सुरुवात. तीन महिन्यांनी यांतले शंभरांत ६४ जण आजारातून बाहेर आले; नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होतं. हे निष्कर्ष २०१७ साली छापून आले.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांनी घरोघर या आजाराविषयी बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरांत जेमतेम ४ होते. दीड वर्षाने ते २७ झाले. म्हणजे चारचौघांची वाट बदलता येते.

ती बदलायची कोणी? गुरुजी, इथे तुमचा मान मोठा आहे. टोळीचा म्होरक्या वेगळा वागू शकतो, तसे वर्गात पहिलं वाक्य तुम्ही बोलू शकता : “मनही आजारी पडतं, आणि बरंही होतं.” आईबापांनो, उपदेश थोडा करा, ऐका अधिक. आठवडे लोटूनही फरक दिसला नाही, तर सरकारी दवाखान्यात न्या. आणि “मला जगावंसं वाटत नाही” असं मूल म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं.

बांधीत वाकून दमलेल्या माणसाला आपण हात देतो. मनाने दमलेल्यालाही तसाच द्यावा.