धूर वर का जातो आणि कुठे थांबतो?

संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावलीत की मिनिटभर तिच्याकडे बघत बसा. पंखा मात्र बंद ठेवा. टोकापासून निघालेला धूर आधी दोऱ्यासारखा सरळ वर जातो. थोड्या उंचीवर तो थरथरतो, मग त्याला वळणं पडतात आणि शेवटी सगळा विस्कटून जातो. उदबत्ती तीच, धूर तोच, मग वर गेल्यावर असं काय होतं?

रोजचंच दृश्य, म्हणून आपण त्याकडे लक्ष देत नाही. पण धूर, वाफ, वायू यांच्या या प्रवासाचा शास्त्रज्ञ अनेक दशकांपासून अभ्यास करत आहेत. हा अभ्यास समुद्राच्या तळापर्यंत आणि आपल्या सह्याद्रीच्या मुळापर्यंत जातो. आणि यातली एक गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात जीव वाचवू शकते. ती शेवटी सांगते.

लोट म्हणजे नक्की काय?

धुराचे लोट, वाफेचे लोट असं आपण सहज म्हणतो. शास्त्रज्ञ त्यालाच 'प्लूम' म्हणतात. उदबत्तीच्या टोकाशी हवा तापते, प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. धुराचे बारीक कण तिच्याबरोबर जातात. म्हणजे आपल्याला दिसतो धूर, पण त्याला वर नेते ती गरम हवा. उलट एखादा वायू हवेपेक्षा जड असेल, तर त्याचा लोट खाली उतरतो.

वर चढणारा लोट बाजूची थंड हवा स्वतःत ओढून घेतो. म्हणून तो रुंद आणि विरळ होत जातो. त्याची उष्णताही वाटली जाते. १९५६ मध्ये ब्रूस मॉर्टन, जेफ्री टेलर आणि स्टुअर्ट टर्नर यांनी हे गणितात बसवलं. त्यांचं गृहीतक साधं होतं: लोट जितक्या वेगाने चढतो, तितक्या प्रमाणात तो बाजूची हवा आत ओढतो. चिमणी किती उंच हवी किंवा ज्वालामुखीची राख किती वर जाईल, हे ठरवताना आजही हा विचार कामाला येतो.

मग लोट थांबतो कुठे? आजूबाजूची हवा त्याच्याइतकीच हलकी झाली, की त्याला वर ढकलणारं काही उरत नाही. तिथे तो आडवा पसरतो.

थंडीत धुराची चादर

हे तुम्ही नक्की पाहिलं आहे. हिवाळ्यात पहाटेच्या ट्रेनमधून बाहेर बघा. गावातल्या चुलींचा धूर थोडा वर जातो आणि घरांच्या वर चादरीसारखा पसरून राहतो.

एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते. पण थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर राहतो. जणू भांड्यावर झाकणच. थंड हवेत मिसळून आधीच निवलेला धूर या झाकणाखाली अडकतो. दिल्लीसारख्या शहरांचा हिवाळ्यात श्वास कोंडतो, त्यामागे धूर आणि धूळ तर आहेच, पण हे झाकणही आहे. ऊन चढलं, जमीन तापली, की ते हळूहळू मोडतं. म्हणून प्रदूषित शहरात राहत असाल, तर थंडीत भल्या पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन चढल्यावर निघणं बरं.

समुद्राच्या तळाशी धुरांडी

पाण्यातही हेच घडतं. १९७९ मध्ये 'अल्विन' या पाणबुडीतून शास्त्रज्ञ पूर्व पॅसिफिक महासागराच्या तळाशी उतरले, तेव्हा त्यांना खडकांच्या धुरांड्यांतून काळा 'धूर' निघताना दिसला. खरं तर तो धूर नव्हता. ते सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी होतं. वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. त्यात विरघळलेले धातू थंड पाण्यात येताच काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतात.

हा लोटही काहीशे मीटर चढून थांबतो आणि आडवा पसरतो. शास्त्रज्ञांना याचा फायदाच होतो. अंधाऱ्या तळावर एक धुरांडं शोधणं अवघड असतं, पण मैलोन्‌मैल पसरलेलं किंचित गरम, गढूळ पाणी उपकरणांना सापडतं. त्याचा माग काढत ते उगमापर्यंत जातात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याची ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या अशाच एका धुरांड्याचं छायाचित्र मिळवलं.

आपल्या पायाखालचा लोट

आता त्याहून खाली जाऊ. पृथ्वीच्या पोटातला खडक घट्टच आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबात तो मेणासारखा हळूहळू सरकतो. १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी मांडलं की खोलवरून तापलेल्या खडकाचे लोट वर येतात. पृष्ठभागाजवळ दाब कमी झाला की त्यातला काही भाग वितळतो आणि लाव्हा बाहेर पडतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी अशाच एका लोटावरून सरकत होती, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. घाटातून जाताना डोंगराच्या कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. अजिंठा-वेरूळची लेणीही याच बेसाल्टात कोरलेली आहेत. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला, आणि लोटाची खूण म्हणून लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्राखालची डोंगररांग मागे राहिली. आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा जागा ज्वालामुखी त्याच लोटावर आहे, असं मानलं जातं. सगळे शास्त्रज्ञ मात्र या कल्पनेशी सहमत नाहीत. भूकंपाच्या लहरींवरून खोलवरचं चित्र काढायचं काम अजून चालू आहे.

लोट वर गेला नाही तर?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हा वायू हवेपेक्षा जड आणि रात्र थंडीची. तो वर निघून गेला नाही. जमिनीलगत सरकत झोपलेल्या वस्त्यांमध्ये शिरला. हजारो माणसं दगावली. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला पहाटे सुटलेली स्टायरिनची वाफही हवेपेक्षा जडच होती.

म्हणून लोट वर जाणार की खाली, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. आता ती शेवटची गोष्ट.

घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फरशीवर, ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी ती यासाठीच. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि तिथून १९०६ या क्रमांकावर फोन करा.

पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो. तो छताकडे जातो, म्हणून वरची झडपही उघडी हवी. बटणांचा नियम इथेही तोच.

आग लागली तर गरम धूर आधी छताला भिडतो आणि तिथून खाली उतरत येतो. श्वास घेण्याजोगी हवा जमिनीजवळ उरते. नाकाला ओला रुमाल लावा, वाकून किंवा रांगत बाहेर पडा. लिफ्ट वापरू नका.

बाहेर विषारी वायू सुटला तर झाडाची पानं किंवा झेंडा बघून वारा कुठे वाहतो ते ओळखा. वाऱ्याच्याच दिशेने पळणारा माणूस वायूबरोबरच पळत असतो. वाऱ्याला आडवं, बाजूला जा. तळघरात किंवा सखल जागी लपू नका.

आज संध्याकाळी उदबत्ती लावाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा. धूर सरळ कुठपर्यंत जातो आणि कुठे विस्कटतो ते दाखवा. मग सिलिंडरकडे बोट करून विचारा, "यातला गॅस सुटला तर तो कुठे जाईल?" उत्तर "खाली" असं आलं, तर समजा, घरातलं एक माणूस तयार झालं.