खारं पाणी, गोडं पाणी आणि पाठीवरचा पंप

मगदल्ल्याच्या बाजूला तापीत कयाक घालून परतलेला माणूस ती गाडीच्या टपावर बांधताना म्हणतो, ‘नदीचंच तर पाणी आहे, धुवायचं कशाला?’ सुरतेत गळ टाकणाऱ्यांना आणि वल्हवणाऱ्यांना सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. रांदेर आणि सिंगणपोर यांना जोडणारा कॉझवे १९९५ साली बांधला गेला. तो नुसता रस्ता नाही, बंधाराही आहे. वरच्या अंगाला शहराला पिण्यासाठी गोडं पाणी साठावं आणि भरतीचं खारं पाणी तिकडे घुसू नये, हे त्याचं काम. कॉझवेच्या वर तुम्ही नदीत असता. त्याच्या खाली तुम्ही खाडीत असता, मग काठावर घाट दिसो की पूल.

खाली पाणी किती खारं असेल हे दिवसावर ठरतं. खंबातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. समोरच्या भावनगरला उधाणाचं पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं. त्याच आखाताचं तोंड आपल्या हजिऱ्या-डुमसकडे आहे. पावसाळ्यात उकाई धरणातून पाणी सुटलं की खाडी जवळजवळ गोडी होते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच ठिकाणी समुद्र आत आलेला असतो. पाणी चाखून बघू नका, शहराच्या खालच्या अंगाचं पाणी तोंडात घालण्यासारखं नसतं. गाडीच्या काचेवर ओला हात पुसा आणि वाळू द्या. पांढरट पापुद्रा उमटला तर सामान विसळायचंच आहे.

दुसरी समजूत जुन्या जाणत्यांच्या नावावर खपते: ‘कोळी कधी गोड्या पाण्याने होडी धुतात का?’ नाही धुत, आणि त्यांचं बरोबर आहे. लाकडाला खाणारी बुरशी मिठात वाढत नाही. लाकूड कुजतं ते सांध्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्याने. म्हणून लाकडी होडीच्या फळ्यांवर समुद्राचंच पाणी मारतात. सुरतेला हे नवं नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये इथूनच मुंबईला जहाजं बांधायला गेले. त्यांच्या घराण्याने मुंबईत बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाच्या तेलकटपणामुळे खिळे टिकतात. पण आपल्या कयाकवर सागही नाही आणि जाड लोखंडी खिळेही नाहीत. तिथे आहेत ॲल्युमिनियमचे रिवेट, त्यांना टेकलेले स्टीलचे स्क्रू, सुकाणूची तार, झिपा आणि रीलमधले मोहरीएवढे बेअरिंग.

कयाकच्या अंगाची मात्र काळजी करू नये. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते, साधारण तशाच पॉलिथिलीनची बहुतेक कयाक असते. मीठ तिचं काही बिघडवत नाही, तिला म्हातारं करतं ते ऊन. लोक मात्र चकचकीत पाठ अर्धा तास धुतात आणि स्क्रूच्या डोक्याखाली थेंब पोचू देत नाहीत. तिथेच खरं काम असतं.

‘पण हे तर स्टेनलेस आहे.’ स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियमच्या अदृश्य पापुद्र्यामुळे. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा ठिपक्याठिपक्याने फोडतं, आणि जिथे हवा पोचत नाही अशा फटीत तो पुन्हा धरत नाही. आपल्या घरातली चांगली भांडी बहुधा ३०४ जातीची असतात. समुद्रासाठी ३१६ वापरतात, कारण तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. तिलाही फटींतलं मीठ चालतंच असं नाही. त्यात स्टील आणि ॲल्युमिनियम शेजारी असले की खारं पाणी त्यांच्यामध्ये विजेचा रस्ता बनतं, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. रिवेटभोवती पांढरी भुकटी दिसते ना, ती ही झीज आहे.

आता सगळ्यांत चिवट समज: ‘वाळलं की संपलं.’ माझं पहिलं रील असंच गेलं. मे महिन्यात डुमसहून आलो, रील गॅलरीत कोरडं खडखडीत वाळवलं आणि पिशवीत ठेवून दिलं. पावसाळा संपल्यावर काढलं तर हँडल फिरेना. वाळवण्यात काही चुकलं नव्हतं, मीठ आत तसंच राहिलं होतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओले होतात. पावसाळ्यात आपल्या डब्यातलं मीठ पाझरतं, तेच हे. सुरतेच्या गॅलरीत टांगलेलं न विसळलेलं सामान दुपारी वाळतं आणि रात्री पुन्हा ओलं होतं, म्हणजे गंजाचं काम रोज रात्री नव्याने सुरू होतं. काठावरच, सामान ओलं असतानाच विसळावं ते म्हणूनच. ओलं मीठ थोडक्या पाण्यात वाहून जातं. फटीत खडा धरला की तासभर भिजवावं लागतं. खाडीचा गाळही वाळू देऊ नये, कारण त्याच्या कणाकणात खारं पाणी धरलेलं असतं.

काठावर नळ कुठून आणणार? डुमस, सुवाळी, उभराट सगळीकडे हाच प्रश्न. कोणी म्हणतं जवळच्या बोअरचं पाणी घ्यावं. किनारपट्टीचं, विशेषतः ओलपाड आणि चोर्यासी भागातलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं झालेलं आहे. त्याने धुणं म्हणजे एक मीठ काढून दुसरं मीठ लावणं. पाणी घरून न्यावं. दुसऱ्या टोकाला काही जण शुद्ध आरओचं पाणी कॅनमध्ये भरून नेतात. त्याचीही गरज नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅमची आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. नळाचं पाणी पुरेसं गोडं आहे. उलट आरओ यंत्राच्या मोरीत जाणाऱ्या नळीचं पाणी पहिल्या विसळणीला छान चालतं. फक्त शेवटचा हात नळाच्या पाण्याचा असावा. उन्हाळ्यात पाणी मोजून वापरणाऱ्या घरात हे मला फार मोलाचं वाटतं.

‘पण एवढ्याशा पाण्यात काय होणार?’ इथे थोडं गणित करू. जाकीट, सीट, दोर आणि खाचाखोचा मिळून अर्धा लिटर खारं पाणी सामानात राहिलं असं धरा, म्हणजे साडेसतरा ग्रॅम मीठ. जवळ पाच लिटर गोडं पाणी आहे. ते सगळं एकदम ओतलं, नीट मिसळलं आणि निथळून पुन्हा अर्धा लिटर मागे राहिलं, तर मीठ उरतं सुमारे १.६ ग्रॅम. तेच पाणी अडीच-अडीच लिटर करून दोनदा वापरलं आणि मध्ये निथळू दिलं, तर उरतं अर्धा ग्रॅम. तीन वाट्यांत वापरलं तर जेमतेम ०.२ ग्रॅम. पाणी तेवढंच, मीठ सातपटीने कमी. तीन पाण्यांत कपडे काढणाऱ्या आपल्या आयाबायांना हे न मांडता येत होतं. निथळण्यासाठी थांबलेली ती दोन-तीन मिनिटं पाण्याच्या दुसऱ्या कॅनएवढं काम करतात.

हे पाणी मारायला सगळ्यांत चांगलं साधन आपल्या खानदेशी घरांत आधीपासून आहे: फवारणीचा पंप. उधना-लिंबायतमधल्या कितीतरी कुटुंबांची शेती अजून जळगाव-धुळे-नंदुरबारकडे आहे, आणि बॅटरीवरचा सोळा लिटरचा पाठपंप तिकडे नवा नाही. भरलेला पंप सोळा किलोहून जड होतो, म्हणून अर्धाच भरावा. एकट्या रील-रॉडसाठी हाताने हवा भरायचा दोन किंवा पाच लिटरचा कुंड्यांचा पंप पुरतो. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो: गावाकडचा जुना पंप धुऊन आणू नका. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या पंपातून कपाशीवर फवारणी झाली की पानं कशी आकसून बोटांसारखी लांबट होतात, हे आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे. औषध रबराच्या वायसरांत आणि नळीत मुरून राहतं. ज्या जाकिटाला आपली मान टेकते आणि ज्या खोक्यात आपण मासा ठेवतो, त्यावर त्या पंपाचा थेंब पडता कामा नये. नवा पंप घ्यावा आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘फक्त पाणी’ लिहावं.

नोझलही बघावा. बारीक धुकं पडणारा फवारा सामान ओलं करतो, पण मीठ वाहून नेत नाही; पाणी ओघळलं पाहिजे. तणनाशकासाठी वापरतात तसा पंख्यासारखा सपाट फवारा इथे चांगला. पण ‘जोर जास्त तर सफाई जास्त’ म्हणून गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाखाली रील धरणं हा घात आहे. तो जोर खारं पाणी सीलच्या पलीकडे, थेट बेअरिंगमध्ये ढकलतो आणि आतलं ग्रीस धुऊन टाकतो. रील बादलीत बुडवून ठेवण्याचंही तेच. ड्रॅगचा नॉब घट्ट करावा, वरून हलका ओघळ सोडावा, झटकावं, आणि वाळताना नॉब पुन्हा सैल करावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. रॉडच्या रिंगांच्या पायांशी जिथे दोरा गुंडाळलेला असतो तिथे, आणि स्पूलवरच्या ओल्या दोरीवर पाणी थोडं जास्त सोडावं.

आणखीही सोयी आहेत. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप बादलीत सोडला की काम भागतं. काही जण टपावर चार इंची पीव्हीसी पाइप दोन्ही तोंडं बंद करून टाकीसारखा बसवतात. मीटरभर पाइपात आठ लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि टपाची उंचीच पाणी खाली आणते. त्यात सायकलच्या पंपाने हवा भरून जोर वाढवायचा प्रकार मात्र कुणी करू नये. उन्हात तापलेला पीव्हीसी कमजोर होतो, आणि दाबलेल्या हवेने फुटला तर त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात. काहीच नसेल तर वीस लिटरचा जार, एक मग आणि स्पंज घ्यावा. ओला स्पंज फिरवायचा, पिळायचा, गोड्या पाण्यात बुडवून पुन्हा फिरवायचा.

गरम पाण्याची वाट पाहू नये. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळतात, पण मीठ त्यांतलं नाही: शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. व्हिनेगर किंवा लिंबू चोळण्याचा सल्लाही ऐकू नये, आम्ल ॲल्युमिनियमला आणि गळांवरच्या जस्ताच्या मुलाम्याला खातं. तेलाच्या स्प्रेबद्दल तर गैरसमज नावातच मिटायला हवा होता. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सान दिएगोमध्ये तयार झालं, आणि त्यातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारं. ते मीठ हटवत नाही. न विसळता मारलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं. विसळा, पुसा, वाळवा, आणि मग तेलाचा हात फिरवा.

वॉटरप्रूफ फोनचंही असंच आहे. त्याची आयपी चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी त्याच्या चार्जिंगच्या खाचेत राहिलं आणि वर वायर लावली, तर तिथले बारीक संपर्कबिंदू खाल्ले जातात. मगभर पाण्याने हलकेच विसळून पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावावा.

घरी पोचल्यावर तळातलं बूच काढून कयाक तिरपी करावी, पोटात शिरलेलं पाणी तिथून निघतं. आणि खाडीत वापरलेला गळ डब्यात परत टाकू नये. त्या एका ओल्या गळाच्या मिठाने आठवड्याभरात शेजारचे कोरे गळही तांबूस होतात. वापरलेल्यांसाठी झाकणाची एक वेगळी बाटली ठेवावी आणि घरी नळाखाली धुऊन, उन्हात वाळवून मगच ते डब्यात घालावेत.