छोट्या सुखांचे ऋण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वऱ्हाडात बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून तो शेकला जातो. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याचे ऋण मानण्याची ही रीत. कृतज्ञता मनात ठेवून भागत नाही, ती हाताने करावी लागते, हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे.

उतारवयात या कृतीचे मोल वाढते. नोकरी, शेतीचा कारभार, समवयस्कांचा सहवास एकेक करून मागे पडतो. हाती राहतात ती लहान सुखे : अंगणातले कोवळे ऊन, तव्यावरच्या भाकरीचा वास, सोलताना बोटांना लागणारा संत्र्याचा सुगंध. आमच्या अचलपूरच्या ज्येष्ठांना शकुंतला रेल्वेची आठवण निघाली की तास पुरत नाही. गाडी आता धावत नाही. पण ऐकायला नातवंड बसले, तर ते सुख आजही मिळते.

याला संशोधनाचाही आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नायू व मज्जातंतूंचे आजार असलेल्या व्यक्तींना 21 दिवस रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहावयास सांगितले होते. त्यांचे मन अधिक प्रसन्न राहिले आणि झोपही सुधारल्याचे त्यांनी नोंदविले. पुढील अभ्यासांत हा परिणाम माफकच आढळला. म्हणून हा औषधाला पर्याय नव्हे. मात्र बिनखर्चाची, निरुपद्रवी जोड आहे.

करावे कसे? रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसातील तीन गोष्टी आठवाव्यात. ‘सर्व छान आहे’ असे मोघम नको. ‘सुनेने भाजी मऊ शिजवली’ असे नेमके असावे. लिहिता येत नसेल तर घरातील कोणाला सांगावे. त्या निमित्ताने दोन शब्दांची देवाणघेवाण होते. सकाळी अर्धा तास अंगणात वा गच्चीवर बसावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्रीच्या झोपेस मदत होते. चहा घेताना दूरदर्शन संच बंद ठेवावा. मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी अख्खे फळ, तेही बेताने खावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट, विशेषतः सांभाळ करणाऱ्यांसाठी. ‘कशातच गोडी वाटत नाही’ असे घरातील वृद्ध म्हणू लागले, तर त्यांना समाधानाचा उपदेश करू नये. ते कृतघ्न झालेले नसतात. बहुधा काहीतरी बिघडलेले असते. वयोमानाने चव व गंध मंदावतात, काही औषधांनी तोंड कोरडे पडते, कवळी सैल होते. मोतीबिंदूने दृश्य धूसर होते आणि ऐकू कमी येऊ लागले की माणूस गप्पांतून आपोआप बाजूला होतो. थायरॉईडची कमतरता किंवा रक्तक्षय यांनीही उत्साह मावळतो. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत.

पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ गेलेला असेल, सोबत झोप, भूक वा वजन घटले असेल, तर ते नैराश्य असू शकते. वृद्धांमध्ये ते रडण्यातून कमी आणि अंगदुखी, थकवा, चिडचिड यांतून अधिक दिसते. ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे. उपचारांनी गोडी परत येऊ शकते. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली तर त्याच दिवशी मदत घ्यावी व त्यांना एकटे ठेवू नये. शासनाची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

सेवा करणाऱ्यांचेही ऋण असते. रोज औषधाची गोळी हातावर ठेवणाऱ्या मुलीला, सुनेला वा पत्नीला ‘तुझ्यामुळे बरे चालले आहे’ एवढे वाक्य अनेक दिवसांत ऐकावयास मिळालेले नसते. वाचकहो, आजच्या तीन गोष्टींत पहिले नाव तिचे घ्यावे, आणि ते तिला ऐकू जाईल असे घ्यावे.