मान आहे, मत नाही



माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका रात्री तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग ती म्हणाली, ''अब्बा, मी इथल्या एका विक्कन मंडळाची संलग्न सदस्य झालेय. मत नाही मला, नुसती संलग्न.'' मी विचारलं, ''विक्कन म्हणजे कोण?'' ती जरा थांबली आणि म्हणाली, ''लोक त्यांना विच म्हणतात. ते स्वतःलाही म्हणवून घेतात.'' विच म्हणजे चेटकीण, एवढं इंग्रजी मीही बी.ए.ला शिकलो होतो. ''बरं'' म्हणून मी फोन ठेवला आणि पुढचे आठ दिवस केला नाही.

आपल्याकडे हा शब्द साधा नाही. नंदुरबारसारख्या भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो उगीच नाही. युरोपातही चेटूक केल्याच्या आरोपावरून दोन-तीन शतकांत सुमारे ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड झाला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बायकाच अधिक. मग ज्या शब्दानं माणसं मेली, तो शब्द कोणी आपणहून अंगावर का घ्यावा? आठ दिवस मी हेच वाचत बसलो.

वाचल्यावर कळलं, की हा धर्म म्हणावा तितका जुना नाही. इंग्लंडमध्ये १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी १९५४ साली या पंथावर पुस्तक लिहिलं. हे गृहस्थ मलायात सरकारी जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. ख्रिस्ती धर्माच्या आधीचा, लपूनछपून टिकलेला धर्म आपल्याला सापडला, असं त्यांचं म्हणणं. आजचे इतिहासकार ते मानत नाहीत. रोनाल्ड हटन या अभ्यासकानं १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात हा धर्म आधुनिक काळातच घडला, हे सविस्तर दाखवलं आहे. आणि आज अनेक विक्कन मंडळी तेही मोकळेपणानं मान्य करतात. देवी आणि देव दोघांना मानणं, पौर्णिमेला जमणं, ऋतूंचे आठ सण पाळणं आणि कोणाला इजा होणार नाही अशा बेतानं आपल्या मर्जीनं वागणं, असा एकूण त्यांचा आचार. सैतानाशी त्यांचा संबंध नाही. सैतान ही कल्पनाच त्यांच्या धर्मात नाही.

अमेरिकेत १९८६ साली तिथल्या अपील न्यायालयानं या पंथाला धर्म म्हणून मान्यता दिली. २००७ साली, मोठ्या झगड्यानंतर, सरकारनं विक्कन सैनिकांच्या थडग्यावर त्यांचं पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह कोरायला परवानगी दिली. देशासाठी मेलेल्या माणसाच्या दगडावर त्याची खूण असावी की नसावी, यासाठी घरच्यांना कोर्टात जावं लागलं, हे वाचून माझं मन थोडं हललं. आपली खूण आपल्या कबरीवर असावी, हे कोणाला वाटत नाही?

आता मूळ मुद्दा, संलग्न सदस्य म्हणजे काय? विक्कन लोकांची मूळ वस्ती म्हणजे 'कोवन', दहाबारा जणांचं छोटं मंडळ. जुन्या रिवाजानुसार तिथं शिरायचं तर एक वर्ष आणि एक दिवस शिकायचं, मग शपथ घेऊन दीक्षा. दीक्षेच्याही तीन पायऱ्या. सगळ्यांचा मिळून पोप नाही, पीठ नाही. कॅलिफोर्नियात १९७५ साली अशा मंडळांचा एक संघ निघाला, 'कॉव्हेनंट ऑफ द गॉडेस'. त्यातही प्रत्येक कोवन स्वतंत्र, आणि वार्षिक सभेत निर्णय शक्यतो सर्वसंमतीनं.

पण मंडळ वाढलं की जागा येते, बँकेचं खातं येतं, सरकारी नोंदणी येते. नोंदणी आली की कायदा विचारतो, तुमचे सभासद कोण? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ढोबळ मानानं खरा सभासद तो, ज्याला संचालक निवडायला किंवा संस्थेची मालमत्ता विकायला, संस्था बंद करायला मत देता येतं. बाकीच्यांना संस्थेनं प्रेमानं काहीही म्हणावं. म्हणून मग दोन वर्तुळं होतात. आतलं मताचं, बाहेरचं संगतीचं.

आपल्याला हे नवं नाही. पतसंस्थेत 'नाममात्र सभासद' असतो, त्याला कर्ज मिळतं, मत मिळत नाही. आणि मत जपून देण्यामागे कारणंही असतात. हौसेनं नाव नोंदवून सभेला न येणारे वाढले, की गणपूर्ती होत नाही. आपल्या सोसायट्यांत ''सभा तहकूब, अर्ध्या तासानं पुन्हा'' हे आपण ऐकतोच. दुसरं कारण अधिक मोठं. निवडणुकीच्या तोंडावर गठ्ठ्यानं सभासद करून संस्था ताब्यात घेण्याचे प्रकार आपल्या साहित्यिक मंडळींनी काही कमी पाहिलेले नाहीत! छोट्या धर्माला तर ही भीती जास्तच. शिवाय त्यांच्यात नावांची गुप्तता फार. अनेकांनी नोकरीच्या ठिकाणी, शेजारीपाजारी आपला धर्म सांगितलेला नसतो. दारात आलेल्या प्रत्येकाच्या हाती यादी कशी द्यायची?

नवव्या दिवशी मी फोन केला. म्हणालो, ''बेटा, तीन गोष्टी सांग. शपथ घेतलीस का? पैसे किती, आणि हिशेब तुला दाखवतात का? आणि उद्या निघावंसं वाटलं तर वाट आहे का?''

ती हसली. म्हणाली, ''शपथ दीक्षेला असते, मी दीक्षा घेतलेली नाही, घेणारही नाही. वर्गणी आहे, हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांपुढे मांडतात. निघायचं तर एक चिठ्ठी पुरे. खुल्या सणांना जाते, वाचनालय वापरते, स्वयंपाकाला हात लावते. देवीपुढे उभी राहत नाही अब्बा, वर्तुळाच्या बाहेर बसते. म्हणूनच संलग्न.'' मग सांगितलं, की तिच्या बाळंतपणात महिनाभर जेवणाचा डबा पोचवणारी शेजारीण या मंडळातली. आपली अम्मी नव्हती, तेव्हा ती होती.

मला माझे आजोबा आठवले. आमच्या गावच्या यात्रेत पालखीपुढची पहिली मशाल आमच्या घरातून पेटते. तो आमच्या घराचा मान. तिकडे कडेगावला मोहरमच्या उंच ताबुतांत हिंदू घराण्यांचे मान आहेतच. आजोबा मशाल पेटवून देत आणि मशिदीकडे जात. देवस्थानच्या पंचांत आमचं कोणी कधी नव्हतं, आणि आजोबांनी ते मागितलंही नाही. पण एका वर्षी पालखीची वाट बदलली. आमच्या दारावरून जाणारी पालखी मागच्या आळीनं न्यायची ठरली. आजोबा मशाल घेऊन दारात उभे, आणि पोरं सांगत आली, ''चाचा, औंदा तिकडून.'' पुढच्या वर्षी वाट पुन्हा पहिल्यासारखी झाली. पण त्या संध्याकाळचा आजोबांचा चेहरा मी विसरलेलो नाही. मान असला, तरी मत नसलं की निर्णय आपल्याला कळवला जातो, विचारला जात नाही.

हे मी मुलीला सांगितलं. म्हणालो, ''बाहेरच्या वर्तुळात बसणं कमीपणाचं नाही. आपलं इमान ठेवून दुसऱ्याच्या सणाला हजर राहण्याची ती सभ्य रीत आहे. पण वाट बदलली, तर रुसायचा हक्क तुला नाही. ते पटत असेल तर बस.''

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं परदेशात अशा अनोळखी उंबरठ्यांवर उभी असतील. शब्द ऐकून फोन ठेवू नका. माझे आठ दिवस फुकट गेले, तुमचे जाऊ देऊ नका. शपथ, हिशेब आणि परतीची वाट, एवढं विचारा. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर निम्मी काळजी मिटते. एकाही उत्तराला टाळाटाळ झाली, तर मात्र धर्म कोणताही असो, सावध राहायला सांगा.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, ''अब्बा, ३१ ऑक्टोबरला त्यांचा साविन नावाचा सण आहे. त्या रात्री प्रत्येक जण आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो. मी अम्मीचं नाव घेऊ?''

मला लगेच बोलता आलं नाही. माझ्या श्रद्धेत मृतांसाठी दुआ आहे, आणि ती कोणी कुठं मागावी, हे मला माहीत आहे. मी म्हणालो, ''फातेहा तू घरी पढ. ते काम त्यांच्यावर सोपवू नकोस. नाव मात्र घे. आणि पूर्ण घे, बापाच्या नावासकट.''

मुलं मोठी झाली, की आईबापही संलग्न सदस्य होतात. मान राहतो, मत राहत नाही. तरी तिनं विचारलं, कळवलं नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली.

नमस्कार. खुदा हाफिज.