कांद्याविना कोशिंबीर

बाबांना कच्चा कांदा सोसत नाही. कांद्यातलं फ्रुक्टान लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, मग पोट फुगतं. म्हणून कांद्याऐवजी नागपुरी संत्र्याची कोशिंबीर केली. बडीशेपेचा ताजा गड्डा ऐरोलीत मिळाला नाही, म्हणून भाजून भरडलेली बडीशेप घातली.

सकाळी कालवलेली कोशिंबीर दुपारी कडू! बाबांनी वाटी सरकवली. पेशी फुटल्या की बिया-पापुद्र्यांतल्या बेचव घटकापासून आम्लात हळूहळू कडू लिमोनिन बनतं. बिया, पापुद्रे काढा, जेवायला बसतानाच कालवा.

दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी, पोटही शांत. पण ते कांदा गेल्यामुळे की बडीशेपेमुळे? दोन्ही बदल मी एकदमच केले होते. आता फक्त कांदा परत घालून बघायला हवं, आणि बाबा तयार नाहीत.