खारकीव्हच्या पोरांनी केलेला कॅमेरा

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक सोनेरी मुलाम्याचा 'लायका' अधूनमधून दिसतो. वरच्या झाकणावर गरुड आणि नाझी स्वस्तिक कोरलेलं, शेजारी एखाद्या जर्मन लष्करी दलाचं नाव. विकणारा सांगतो, महायुद्धातला आहे, दुर्मीळ आहे. अशा वेळी लेन्स आट्यांवरून फिरवून काढावी आणि कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला पाहावं. तिथे एक छोटा दांडा असतो. लेन्स पुढे-मागे झाली की तो सरकतो आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला ते कळवतो. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला बारीक, गोल, फिरतं चाक असतं. चाकाऐवजी पाचरीसारखं निमुळतं धातूचं टोक दिसलं, तर हातातला कॅमेरा सोविएत बनावटीचा आहे. बहुधा झोर्की, कधी फेड. मूळ अक्षरं घासून त्यावर नवी कोरलेली असतात.

या बनावट मालाचा मला राग येतो, आणि तो केवळ फसवणुकीचा नाही. फेड ज्या खारकीव्ह शहरात जन्मला, ते ऑक्टोबर १९४१ पासून नाझी सैन्याच्या ताब्यात होतं आणि ऑगस्ट १९४३ मध्ये कायमचं मोकळं झालं. कारखान्याला यंत्रसामग्री उचलून सैबेरियात, नोव्होसिबिर्स्कजवळच्या बेर्दस्कला जावं लागलं. अशा घराण्यातल्या कॅमेऱ्यावर गरुड कोरणं म्हणजे ज्यांनी सोसलं त्यांच्या वस्तूवर सोसायला लावणाऱ्यांचा शिक्का मारणं. आणि ज्या यंत्राला स्वतःचा एवढा इतिहास आहे, त्याला उसना इतिहास लागतोच कशाला?

तो इतिहास एका शिक्षकापासून सुरू होतो. आंतोन मकारेन्को यांनी १९२० साली पोल्ताव्हाजवळ अनाथ आणि गुन्हेगारीत सापडलेल्या मुलांसाठी वसाहत काढली. महायुद्ध, यादवी आणि दुष्काळ यांनी त्या काळी लाखो मुलं रस्त्यावर आणली होती. १९२७ च्या अखेरीस खारकीव्हजवळ दुसरी संस्था, एक कम्युन, उभी राहिली. तिच्यासाठी युक्रेनच्या गुप्त पोलिसांनी पगारातून पैसे कापून दिले होते आणि तिला नाव दिलं होतं त्यांच्या दलाच्या संस्थापकाचं : फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की. त्याच नावाची आद्याक्षरं म्हणजे फेड. दिवसाचे काही तास शाळा, चार तास कारखाना, असा मकारेन्कोंचा शिरस्ता होता. मुलांनी आधी लाकूडकाम आणि शिवणकाम केलं, मग परदेशी नमुन्यावरून विजेवर चालणारी ड्रिल मशिनं केली. त्या कामात हात बसल्यावर त्यांच्यासमोर ठेवला गेला लायका.

जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीने लायकाचं दुसरं मॉडेल १९३२ साली बाजारात आणलं. अंतरमापक लेन्सला जोडलेला असलेला हा पहिला लायका. त्याच वर्षी ऑक्टोबरात खारकीव्हच्या कम्युनमध्ये लायकाच्या नमुन्यावरून पहिले तीन कॅमेरे तयार झाले. मूळ कारखान्याचे आराखडे हाताशी नव्हते. कॅमेरा उघडायचा, प्रत्येक भाग मोजायचा आणि तसाच करायचा. १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झालं. लायकासारखं यंत्र किशोरवयीन मुलांच्या हातून उतरावं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण नवलाबरोबर दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. १९३२-३३ हीच युक्रेनमधल्या महाभयंकर दुष्काळाची वर्षं आहेत. धान्याच्या सक्तीच्या वसुलीने गावंच्या गावं उपाशी मेली आणि खारकीव्ह तेव्हा सोविएत युक्रेनची राजधानी होतं. युद्धापूर्वीच्या फेडवर कम्युनच्या नावाखाली गुप्त पोलिसांच्या खात्याची आद्याक्षरं कोरलेली आहेत. संग्राहक त्या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजतात. मीही ती भिंगाखाली धरून वाचतो. पण त्या खात्याने अनाथ मुलांना छप्पर दिलं आणि त्याच खात्याने असंख्य घरं उद्ध्वस्त केली, ही दोन्ही सत्यं त्या बोटभर जागेत कोरलेली आहेत. कॅमेऱ्यावर प्रेम करणाऱ्याने त्यातलं सोयीचं तेवढं वाचू नये.

युद्धानंतर या घराण्याला दोन शाखा फुटल्या. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क इथे १९४२ साली उभ्या राहिलेल्या कारखान्याने १९४८ पासून फेडच्याच आराखड्यावर झोर्की काढला. दुसरी शाखा जर्मनीतून आली. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीचा काँटॅक्स हा लायकाचा खरा प्रतिस्पर्धी होता. युद्धाची भरपाई म्हणून त्याची यंत्रं, साचे आणि सुटे भाग सोविएत संघाने घेतले, कीव्ह शहरातल्या आर्सेनाल कारखान्यात नेले आणि १९४७ पासून तिथे 'किएव्ह' कॅमेरे बनू लागले. सुरुवातीच्या किएव्हमध्ये जर्मन भागच जोडलेले असत. मूळचा १९३६ चा तो आराखडा थोड्याफार फरकाने १९८० च्या दशकापर्यंत चालला.

लेनिनग्राडच्या कारखान्याने १९५६ मध्ये 'लेनिनग्राड' नावाचा कॅमेरा काढला. त्यात चावी दिलेल्या स्प्रिंगवर रोल आपोआप पुढे सरके. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सोविएत अभियंत्यांना नकलेपलीकडचं काही सुचत नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा उघडून पाहावा.

रेंजफाइंडरचं, म्हणजे अंतरमापकाचं, तत्त्व सोपं आहे. दोन खिडक्यांतून एकच दृश्य आत येतं आणि डोळ्याला दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवली की एक प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं. खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी मापनाची अचूकता अधिक. पहिल्या फेडमध्ये ते लायकाप्रमाणे चार सेंटिमीटरच्या आतबाहेर होतं. १९५५ च्या फेड-२ मध्ये ते ६७ मिलिमीटर झालं आणि किएव्हमध्ये तर ९० मिलिमीटर आहे. फेड-२ ला आणखी दोन सोयी मिळाल्या : पूर्ण निघणारी पाठ, आणि चष्मा लावणाऱ्यांसाठी नजर जुळवण्याची कळ. जुन्या फेडला आणि पहिल्या झोर्कीला पाठ उघडतच नाही. रोल खालून सरकवावा लागतो आणि त्याआधी फिल्मचं टोक कात्रीने लांब जिभेसारखं कापावं लागतं.

मग या कॅमेऱ्यांची बदनामी का? आराखडा उत्तम होता, धातू भक्कम होता. कमी पडत होती ती शेवटची जुळवणी. उत्पादनाचे आकडे गाठायचे होते. झोर्की-४ एकटाच १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांहून अधिक निघाला. अशा घाईत एका कॅमेऱ्याची जुळवणी बिनचूक व्हायची आणि पुढच्याची राहून जायची. युद्धापूर्वीच्या फेडमध्ये तर प्रत्येक लेन्स आपापल्या कॅमेऱ्यापुरती बसवलेली होती. लेन्सचं बूड ते फिल्म हे अंतर लायकाने २८.८ मिलिमीटरवर पक्कं केलं होतं. ते प्रमाण फेडला लागू झालं नव्हतं, म्हणून एका फेडची लेन्स दुसऱ्याला लावली की चित्र धूसर येतं. या कॅमेऱ्यांकडे मी असंच पाहतो : कारखान्याने नव्वद टक्के काम केलं आणि उरलेलं मालकावर सोपवलं. ते उरलेलं काम करता येण्याजोगं आहे, हेच त्यांचं मोठेपण. सगळं स्क्रूंनी जोडलेलं आहे आणि साध्या हत्यारांनी उघडतं.

तपासणी पडद्यापासून सुरू करावी. फेड आणि झोर्कीचं शटर म्हणजे रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे. ते एकापाठोपाठ आडवे धावतात आणि त्यांच्यातली फट जितकी अरुंद, तितकं एक्स्पोजर कमी. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून मागून टॉर्च धरायचा आणि पडदा निरखायचा. शटर चढवण्याआधी एकदा, चढवून पुन्हा एकदा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले तर रबर तडकलं आहे. एखादं मोठं, कडा जळालेलं भोक दिसलं तर दोष कापडाचा नाही. कोणीतरी लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला होता. या कॅमेऱ्यांत मध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सूर्याला थेट पडद्यावर गोळा करते. बारीक भोकं लवचिक काळ्या कापडी रंगाच्या पातळ थराने बुजतात. पडदाच कडक झाला असेल तर नवं रबरी रेशीम जुन्याच्या मापाने कापून चिकटवावं लागतं आणि कडा काटेकोर समांतर राखाव्या लागतात.

नवशिके इथे एक घात करतात. शटर मंद वाटलं की तळाचे दोन स्क्रू फिरवून स्प्रिंगा ताणतात. मंदपणाचं कारण बहुधा सुकलेलं वंगण असतं. ताण वाढवल्याने जुनी स्प्रिंग थकते आणि दोष तसाच राहतो. दुसरा पडदा पहिल्याला गाठू लागला तर निगेटिव्हची एक बाजू कोरी येते. आधी जुनं तेल धुऊन काढावं, सांध्यांवर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल इतका थेंब द्यावा, काही दिवस शटर चालवून पाहावं. ताणाला हात लावायचाच झाला तर तो सगळ्यात शेवटी, पाव पाव फेरा.

जुळवणीचा खरा आनंद पुढे आहे. फेड-२ किंवा झोर्की-४ ची पाठ काढून फिल्म जिथे बसते तिथे घासलेली काच ठेवायची, शटर उघडं धरायचं आणि लेन्स अनंतावर लावून दूरचा मनोरा भिंगाने पाहायचा. तो काचेवर धारदार उमटला तर लेन्स बरोबर बसली आहे. नसेल, तर लेन्सच्या मागची पातळ चकती बदलायची. हे झाल्याशिवाय रेंजफाइंडरला हात लावू नये. त्यानंतर चंद्रावर किंवा त्याच मनोऱ्यावर दोन प्रतिमा एकमेकींवर येतात का ते पाहायचं. आडवी तफावत एका लपवलेल्या स्क्रूने जाते. उभी तफावत असेल तर झोर्कीत छोट्या गोल खिडकीची कडी काढून आतली काच किंचित फिरवावी लागते. थरथरत्या दोन मनोऱ्यांचा एक मनोरा झाला, की कारखान्यात राहून गेलेलं काम आपल्या हातून पुरं होतं. मला या छंदात याहून मोठं समाधान ठाऊक नाही.

किएव्हला मात्र आदराने लांबूनच नमस्कार करावा, निदान सुरुवातीला. त्याचं शटर पितळी पट्ट्यांचं आहे, वरून खाली धावतं आणि त्या पट्ट्या रेशमी फितींनी ओढल्या जातात. फिती झिजून तुटतात. त्यांची लांबी जरा चुकली तरी सगळं गणित बिघडतं. ऊन त्याला जाळत नाही, ही जमेची बाजू. कॅमेरा धरताना उजव्या हाताचं बोट अंतरमापकाची खिडकी झाकतं, तेवढं सांभाळावं लागतं.

वापरताना पाळायचा एक नियम अक्षरशः यंत्राचा जीव वाचवतो. झोर्की-३ आणि ४ वर शटरचा वेग बदलायचा तो शटर चढवल्यावरच. आधी बदलला तर मंद वेगांची दातेरी यंत्रणा अडकू किंवा तुटू शकते. वेगाची चकती शटरबरोबर फिरते, म्हणून बोट तिला लागू देऊ नये.

लेन्सचं घराणं कॅमेऱ्यांहूनही मोठं आहे. झाइसच्या लुडविग बेर्टेले यांची १९३० च्या दशकातली झोनार रचना जुपिटर-३ आणि जुपिटर-८ मध्ये जिवंत राहिली, तर त्यांच्याच बिओगॉनवरून ३५ मिलिमीटरची जुपिटर-१२ आली. तिचं मागचं भिंग कॅमेऱ्यात इतकं खोल जातं की बसवताना श्वास रोखावा. जुपिटर-८ मध्ये अॅपर्चर पूर्ण उघडून काढलेला चेहरा मऊ आणि गोलाईदार येतो. आजच्या अतिस्पष्ट लेन्सना तो साधत नाही. धार हवी असेल तर लॅन्थॅनमयुक्त काचेची इंडस्टार-६१ घ्यावी. ही लेन्स खोलताना आटे नेमके कुठे सुटले तिथे खूण करून ठेवावी. त्यांना अनेक प्रारंभ असतात आणि चुकीच्या प्रारंभातून बसलेली लेन्स कधीच जुळत नाही. क्रास्नोगोर्स्कच्या बऱ्याच मालाच्या क्रमांकातले पहिले दोन अंक निर्मितीचं वर्ष सांगतात, त्यामुळे कॅमेरा आणि लेन्स जन्मापासून बरोबर आहेत का, हेही पडताळता येतं.

एक बाजूची गोष्ट. २ मे १९४५ रोजी बर्लिनमध्ये राइशटागवर लाल झेंडा फडकवतानाचं येव्गेनी खाल्देई यांचं जगप्रसिद्ध छायाचित्र लायकावर काढलेलं आहे. सोविएत विजयाची ती प्रतिमा जर्मन यंत्राने टिपली आणि पुढची चाळीस वर्षं सोविएत कुटुंबांच्या लग्नाच्या, सहलींच्या, शाळांच्या आठवणी जर्मन आराखड्याच्या सोविएत यंत्रांनी टिपल्या.

आपल्या हवेत या कॅमेऱ्यांचा मोठा शत्रू बुरशी आहे. मुंबईत आणि कोकणात पावसाळाभर लेन्स चामड्याच्या जुन्या पेटीत ठेवली, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगावर पसरतात आणि वरचा मुलामा कायमचा खातात. पेटी वेगळी ठेवावी. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, खडे अधूनमधून तापवून कोरडे करावेत आणि कॅमेरा महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून शटर चालवावं.

पहिलाच घ्यायचा असेल तर फेड-२ घ्यावा. त्यात मंद वेगांची नाजूक यंत्रणा नाही, पाठ निघते आणि खिडक्यांमधलं अंतर मोठं आहे. प्रकाशमापक नसल्याने उन्हाचा अंदाज स्वतः बांधावा लागतो : लख्ख उन्हात अॅपर्चर १६ वर आणि शटर फिल्मच्या वेगाच्या जवळपास. सोबत मिळालेली लेन्स कोणतीही असो, घासलेल्या काचेवर तपासल्याशिवाय तिला नावं ठेवू नयेत. आणि एक बंद पडलेला कॅमेरा सुट्या भागांसाठी जवळ ठेवावा. स्क्रू, कड्या, स्प्रिंगा आता नव्याने कुठे बनत नाहीत. युक्रेन आणि रशियातले जे कारागीर अजून ही यंत्रं जुळवतात, तेही असेच एका कॅमेऱ्यातून दुसऱ्याला जगवत आले आहेत, आणि फेब्रुवारी २०२२ पासून खारकीव्हमध्ये तेवढंसुद्धा सुखाने करता येत नाही.