भावोत्कट रॉक-बॅलड आणि ‘याड लागलं’ : स्वररचना व बोली

प्रस्तुत लेखात रॉक-बॅलड या गीतप्रकाराची घडण आणि मराठी चित्रपटगीतात तिने धारण केलेले रूप यांचा विचार केला आहे. त्यासाठी ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटातील ‘याड लागलं’ हे गीत निवडले आहे. त्याचे संगीत अजय-अतुल यांचे, तर गायन अजय गोगावले यांचे आहे.

‘बॅलड’ हा शब्द मुळात कथागीताचा, म्हणजे आपल्या पोवाड्याच्या नात्यातला. रॉक संगीतात मात्र संथ लयीत सुरू होऊन हळूहळू चढत जाणाऱ्या भावपर गीतास तो रूढ झाला. आरंभी गिटार किंवा पियानो आणि एकटा कंठ; पुढे ड्रम, विद्युत गिटार, समूहस्वर; आणि शिखरावर पूर्ण शक्तीने ध्रुवपद. लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) या सुमारे आठ मिनिटांच्या गीतात ड्रम वाजू लागतो तो निम्मे गीत उलटल्यावर. श्रोता गुंततो तो या संयमामुळेच. मराठी भावगीताची परंपरा वेगळी. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेथे भाव वाढे तो गायकाच्या हरकती-मुरकीतून. वाद्यमेळ बहुधा साथीपुरता असे.

‘याड लागलं’ हे काटेकोर अर्थाने रॉक नव्हे. पण त्याची चढण बॅलडचीच आहे. ‘सैराट’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदासह झाले. रॉकमध्ये विद्युत गिटार जे कार्य करते, ते येथे व्हायोलिन-चेलोंचा समूह आणि पितळी वाद्ये करतात. गायक शब्द फारसा नटवत नाही. भावनेचा भार वाद्यवृंद वाहतो.

एवढ्या भव्य वाद्यमेळात शब्द मात्र शिवारातले आहेत. उसाच्या फडात कस्तुरीचा वास येतो, वारा चाखल्यावर गोड लागतो. येथे बोली केवळ रंगासाठी आलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘याड’ आणि ‘ग्वाड’ यांचे यमक प्रमाण मराठीत आणून पाहावे : ‘वेड’ आणि ‘गोड’. स्वर बदलतात आणि यमक विस्कटते. शिवाय बोलीत दोन्ही शब्दांना ‘आ’ हा मोकळा स्वर लाभतो. तारसप्तकाकडे जाताना तोंड उघडून लांबविण्यास तो ‘ए’ किंवा ‘ओ’पेक्षा सोयीचा. म्हणजे ध्रुवपदाची झेप बोलीच्या उच्चारावर उभी आहे. शब्द ‘शुद्ध’ केले तर चालही लंगडी होईल.

मराठी चित्रपटात ग्रामीण बोली दीर्घकाळ प्रामुख्याने विनोदासाठी किंवा तमाशाच्या फडासाठी राखलेली दिसते. ‘जैत रे जैत’ (१९७७) सारखे अपवाद आहेतच. वऱ्हाडीपुरते बोलावयाचे तर विठ्ठल वाघ यांचे ‘काया मातीत मातीत’ हे ‘अरे संसार संसार’ (१९८१) मधील गीत सर्वपरिचित आहे. त्यातील ‘काया’ म्हणजे ‘काळ्या’; ‘ळ’चा ‘य’ होणे हा वऱ्हाडीचा नियमच. तेथेही उच्चार मृदू होतो आणि ओळ गाण्यास सुलभ होते. सभागृहात या गीतास टाळ्या पडतात. वर्गात मात्र ‘डोळा’स ‘डोया’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य अजूनही मध्येच थांबविले जाते.